उतरता नंबर : एका डोळ्यातल्या जन्मजात मोतीबिंदूचं प्रकरण

या प्रकरणातली मुलगी आता साडेचार वर्षांची आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तारखांऐवजी तिच्या वयाचे दिवस आणि महिने दिले आहेत, कारण या आजारात दिवस मोजायचे असतात ते बाळाच्या जन्मापासूनच. उपचार आमच्या टीमने केले आणि जी चूक झाली तीही आमचीच. हे लिहिण्याचं मुख्य कारण ती चूक आहे.

पार्श्वभूमी

पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं, आईवडिलांचं पहिलं बाळ. गरोदरपणात आईला ताप किंवा पुरळ आलेलं नव्हतं. दोन्हीकडच्या घरांत लहानपणी मोतीबिंदू झालेलं कुणी नव्हतं. जन्मानंतर बाळाचे डोळे टॉर्चने पाहिले गेले का, याची नोंद आम्हाला कागदपत्रांत सापडली नाही. ‘बाळ व्यवस्थित’ एवढाच शेरा होता.

पाचव्या आठवड्यात मावशीने मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढला. उजव्या डोळ्यात नेहमीसारखा लाल ठिपका आला, डाव्यात पांढरट. दुसऱ्या फोटोतही तेच. मावशीला वाटलं कॅमेऱ्याची गडबड असेल. आजींनी मात्र बाळाला खिडकीपाशी नेलं, बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाहुली पांढरी दिसतेय. उद्यावर टाकू नका.” आमच्याकडे आलं तेव्हा बाळ ३८ दिवसांचं होतं.

अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाकून पाहिलं. उजव्या बाहुलीत स्वच्छ नारिंगी-लाल चमक होती. डाव्या बाहुलीच्या मधोमध दाट पांढरा ठिपका होता आणि चमक जेमतेम कडेला दिसत होती. पांढरी बाहुली दिसली की मोतीबिंदूच्याही आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते : रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातल्या पडद्याचा कॅन्सर. मोतीबिंदूमुळे मागचं दिसत नव्हतं, म्हणून त्याच दिवशी डोळ्याची सोनोग्राफी केली. गाठ नव्हती, कॅल्शियमचे कण नव्हते, पडदा जागेवर होता. पण भिंगाच्या मागून डोळ्याच्या तळाकडे जाणारी एक बारीक रेघ दिसत होती. आणि नीट पाहिल्यावर डावं बुबुळ उजव्यापेक्षा किंचित लहान वाटत होतं.

या दोन खुणा एकत्र आल्या की विचार वेगळ्या दिशेने जातो. पोटात असताना बाळाच्या डोळ्यात, डोळा मेंदूला जोडणाऱ्या नसेपासून भिंगापर्यंत, एक तात्पुरती रक्तवाहिनी असते. वाढणाऱ्या भिंगाचं पोषण ती करते आणि काम संपलं की जन्माआधीच विरून जाते. काही बाळांत ती पूर्ण विरत नाही. तिचा उरलेला दोर भिंगाच्या पाठीला चिकटून राहतो, भिंग गढूळ होतं आणि तो डोळा बहुधा लहान राहतो. म्हणजे या बाळाला नुसता मोतीबिंदू नव्हता. अख्ख्या डोळ्याची घडण थोडी अर्धवट राहिली होती आणि मोतीबिंदू हा त्यातला सहज दिसणारा भाग होता.

आईने विचारलं, “माझ्याकडून काही झालं का?” हा प्रश्न जवळपास प्रत्येक आई विचारते, आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये. गरोदरपणातल्या जंतुसंसर्गामुळे बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो, हे खरं आहे. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी रुबेला झालेल्या मातांच्या बाळांमध्ये तो दाखवून दिला होता. पण तिथे बहुतेक वेळा हृदयात आणि कानांतही दोष सापडतात, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर आनुवंशिकता, रुबेलासारखे संसर्ग, गॅलॅक्टोसेमियासारखे चयापचयाचे दोष हे सगळं शोधावं लागतं. एकाच डोळ्यातला, तोही अशा दोराला जोडलेला मोतीबिंदू सहसा एकटाच येतो. आम्ही बालरोगतज्ज्ञांकडून बाळाची पूर्ण तपासणी करून घेतली आणि आईवडिलांचे डोळेही स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, पाहिले, कारण स्वतःला न जाणवणारे बारीक ठिपके पालकांत कधीकधी सापडतात. काही निघालं नाही. “तुमच्याकडून काहीही झालेलं नाही” हे वाक्य तपासणीनंतर सांगितलं, म्हणून ते त्यांना पटलं असावं.

नेमकी अडचण

डोळा कॅमेऱ्यासारखा जन्मतः तयार असतो आणि मोतीबिंदू म्हणजे काचेवर बसलेली धूळ, असं वाटतं. मोठ्यांच्या बाबतीत ते चालून जातं. बाळाचा मेंदू मात्र अजून पाहायला शिकत असतो. पहिल्या काही आठवड्यांत एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र आलं नाही, तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून हे सिद्ध केलं होतं. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. पुढे डोळा उघडला तरी मेंदू त्याचं ऐकत नाही. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो.

एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर साधारण सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असं मानलं जातं. दोन्ही डोळ्यांत असेल तर थोडी अधिक सवड मिळते, कारण तिथे कोणाची कोणाशी चढाओढ नसते. पण दुसऱ्या बाजूलाही भिंत आहे. चार आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर पुढे काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नस खराब होण्याचा आजार, होण्याचा धोका वाढतो. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे, आणि बाळ आलं तेव्हा त्यातले चारच दिवस उरले होते.

समोरचे पर्याय

वडिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “एक डोळा उत्तम आहे ना, डॉक्टर? मग एवढ्याशा जिवाला भूल कशाला द्यायची?”

प्रश्न रास्त होता. शस्त्रक्रिया न करणं हाही खरा पर्याय आहे. तो दोर जाड असेल, मागचा पडदा ओढला गेला असेल, डोळा फारच लहान असेल, तर सगळं करूनही नजर येत नाही आणि घराची मात्र वर्षानुवर्षं दमछाक होते. आम्ही त्यांना सोनोग्राफी दाखवली : इथे दोर बारीक होता, पडदा सपाट होता. नजर मिळण्याची शक्यता होती, खात्री नव्हती. आणि हेही सांगितलं, की शस्त्रक्रिया तासाभराची असेल, त्यानंतरचं काम सातआठ वर्षांचं. रोज लेन्स, रोज पट्टी, दर थोड्या महिन्यांनी तपासणी. त्यांनी एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दोघांनी होकार दिला.

बाहुली थेंबांनी मोठी करून कडेने पाहू द्यायचं, हा मार्ग लहान किंवा विरळ ठिपक्यासाठी असतो. इथे तो बाद होता.

उरला खरा वादाचा मुद्दा : भिंग काढल्यावर त्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं की डोळा भिंगाविना ठेवून कॉन्टॅक्ट लेन्स द्यायची? घरच्यांचा कल साहजिकच आत बसणाऱ्या भिंगाकडे होता. एकदा बसवलं की झालं, रोजची कटकट नको. या प्रश्नावर अमेरिकेत झालेला एक चांगला अभ्यास आहे, इन्फंट अफेकिया ट्रीटमेंट स्टडी. एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली, सात महिन्यांच्या आतली ११४ बाळं चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटली : अर्ध्यांना कृत्रिम भिंग, अर्ध्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. साडेचार वर्षांच्या वयात दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली, साडेदहाव्या वर्षीही सारखीच. भिंग बसवलेल्या गटाला पहिल्या काही वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया मात्र बऱ्याच जास्त लागल्या. शिवाय तान्ह्या बाळाचा डोळा इतक्या वेगाने वाढतो, की आज बसवलेलं भिंग वर्षभरात चुकीच्या नंबरचं ठरतं. हा डोळा तर आधीच लहान. आम्ही कॉन्टॅक्ट लेन्स सुचवली.

शस्त्रक्रियेआधीचे नऊ दिवस

४२व्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली होती. त्या सकाळी बाळाला सर्दी होती, छातीत घरघर होती. भूलतज्ज्ञ थांबा म्हणाल्या. मी थोडा वाद घातला, सहा आठवड्यांचा हिशोब मांडला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की सर्दी झालेल्या एवढ्या लहान बाळाची श्वासनलिका भुलीखाली आवळली जाऊ शकते आणि तो धोका त्या घेणार नाहीत. आम्ही थांबलो. ५१व्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्या नऊ दिवसांनी नजरेचं थोडंफार नुकसान केलं असेलही. तरीही तो निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. सहा आठवडे ही सरासरीवर बेतलेली रेघ आहे. ती ओलांडताच दार बंद होत नाही.

भूल दिल्यावर मोजमापं घेतली. बुबुळाची रुंदी उजवीकडे १० मिमी, डावीकडे ९. डोळ्याची लांबी उजवीकडे १८ मिमी, डावीकडे १७. डोळ्यातला दाब दोन्हीकडे ठीक. गढूळ भिंग काढलं. त्याच्या पाठीमागे रक्तवाहिन्यांचं पातळ जाळं होतं, ते कापलं, आणि दोर सोडवला. भिंगाची मागची पिशवीही मधोमध उघडली आणि तिच्यामागचा जेलीसारखा द्राव थोडा काढला. बाळांमध्ये हे केलं नाही तर ती पिशवी काही आठवड्यांतच पुन्हा पांढरी होते. आतला पडदा आणि नस निरोगी दिसली तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

लेन्स आणि पट्टी

आठवडाभराने पहिली लेन्स दिली, अधिक ३२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे लेन्सचा नंबर मोजायचं एकक). तिच्यात दोनतीन डायॉप्टर मुद्दाम जास्त होते, कारण या वयातलं बाळाचं जग म्हणजे हातभर अंतरावरचा चेहरा. आईने पहिल्या दिवशी लेन्स घालायला पाऊण तास लावला आणि घातल्यावर रडली. तिसऱ्या आठवड्यात ती दोन मिनिटांत, बाळ अर्धवट झोपेत असतानाच घालू लागली. ही युक्ती आम्ही तिला शिकवली नव्हती. आता आम्ही ती इतरांना सांगतो.

चांगल्या डोळ्यावर पट्टी : वयाच्या जितके महिने तितके तास, रोज. आठ महिन्यांनंतर जागेपणीचा निम्मा वेळ. पट्टी काढून टाकणाऱ्या बाळाशी रोजची झटापट होती, आणि ती वडिलांनी आपल्याकडे घेतली. मी पाहिलेल्या कुटुंबांमध्ये जिथे हे काम एकट्या आईवर पडलं, तिथे पट्टी बहुधा वर्षाच्या आत सुटली.

चुकलेलं वळण

पाचव्या महिन्यात लेन्सचा नंबर २९ झाला, आठव्यात २७. हे अपेक्षित होतं. डोळा लांब होतो तसा अधिक नंबर कमी होत जातो.

अकराव्या महिन्यात नंबर २० निघाला.

आईचा चेहरा उजळला. “सातने उतरला!” आपल्याकडे नंबर उतरणं म्हणजे डोळा सुधारणं. ‘नंबर वाढला’ म्हटलं की घर काळजीत पडतं, ‘नंबर उतरला’ म्हटलं की सगळे निःश्वास सोडतात. आणि मीही त्या आनंदात सामील झालो. “छान वाढतोय डोळा,” असं मी म्हटल्याची नोंद माझ्याच अक्षरात आहे. त्याच भेटीत आजी म्हणाल्या, की आता दोन्ही डोळे एकसारखे दिसतात, लहानमोठे वाटत नाहीत. तेही मला चांगलंच वाटलं.

दाब मोजला तेव्हा बाळ जोरात रडत होतं. डाव्या डोळ्यात २४ आला. रडताना आणि डोळे मिटून घेताना दाब वाढतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तो आकडा ‘रडत होती’ असा शेरा मारून सोडून दिला. उजव्या डोळ्याचा आकडा त्याच्याच शेजारी लिहिलेला होता : १५. तेच बाळ, तेच रडणं, तीच दोन मिनिटं. रडण्यामुळे वाढला असता तर दोन्हीकडे वाढला असता. हा तर्क करायला कुठलंही नवं यंत्र लागत नव्हतं. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली.

पाच आठवड्यांनी आईचा फोन आला : मुलगी उजेडात तोंड फिरवते, डाव्या डोळ्यातून पाणी येतं. लेन्सचा त्रास असेल म्हणून आईने ती दोन दिवस काढून ठेवली, तरी फरक पडला नव्हता. त्याच आठवड्यात भूल देऊन तपासलं. डावीकडे दाब २६, उजवीकडे ११. नसेच्या मधला खळगा पहिल्या तपासणीपेक्षा स्पष्ट मोठा. बुबुळं दोन्ही साडेअकरा मिमी. जन्मतः लहान असलेलं बुबुळ निरोगी बुबुळाच्या बरोबरीला येतं, याचा अर्थ ते दाबाने ताणलं गेलं आहे. डोळ्याची लांबी उजवीकडे २०.५, डावीकडे २१.३. दहा महिन्यांपूर्वी एक मिमीने लहान असलेला डोळा आता मोठा झाला होता. नंबर उतरला होता तो यामुळे. हा काचबिंदू होता.

लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात काचबिंदू होणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. वर उल्लेखलेल्या अभ्यासात दहा वर्षांत २२ टक्के मुलांना तो झाला, संशयित धरून ४० टक्के. कृत्रिम भिंग बसवल्याने किंवा न बसवल्याने त्यात फरक पडला नव्हता. हा धोका आयुष्यभर राहतो. लहान बुबुळाच्या डोळ्यांत तो अधिक असतो, हेही मला ठाऊक होतं. तरीही मी त्या दिवशी भिंगाचा विचार करत होतो, डोळ्याचा नाही.

पुढचे उपाय

टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड हे थेंब सुरू केले. थेंब टाकल्यावर नाकालगतचा कोपरा मिनिटभर दाबून धरायला शिकवलं, म्हणजे औषध रक्तात कमी उतरतं. टिमोलॉलमुळे श्वासावर आणि नाडीवर परिणाम होऊ शकतो. ब्रिमोनिडीन मुद्दाम टाळलं, कारण तान्ह्या मुलांत त्याने गुंगी येते, श्वास मंदावतो. सात महिने दाब ताब्यात राहिला, मग पुन्हा चढला.

आता पुन्हा निवड. दाब उतरवण्यासाठी डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर सोडणारी नवी वाट करायची, तर बुबुळाच्या कडेला फुगा तयार होतो, आणि त्यावर रोज कॉन्टॅक्ट लेन्स घासणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. म्हणून आधी डोळ्याची स्वतःचीच पाणी निचरण्याची वाट आतून मोकळी करण्याची शस्त्रक्रिया केली. लेन्स चालू ठेवता यावी हे त्या निवडीमागचं मुख्य कारण होतं. दाब उतरला. एक थेंब अजून चालू आहे.

या सगळ्यात लेन्स आणि पट्टी मिळून जवळपास सात आठवडे बंद राहिली. कार्डांवरच्या रेघा दाखवून नजर मोजली तेव्हा ती आधीपेक्षा खाली गेली होती. ती परत मिळवायला वर्ष गेलं.

आजची स्थिती

लेन्स घालून डाव्या डोळ्याची नजर ६/३६ आहे, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवरून दिसतं. उजव्याची ६/६, म्हणजे निरोगी. त्या अमेरिकी अभ्यासातली मधली नजर याच वयाला साधारण ६/४८ होती, त्यामुळे हा निकाल वाईट नाही. डाव्या डोळ्याने ती चेहरे ओळखते, पायऱ्या उतरते, मोठी अक्षरं वाचते. डोळा आतल्या बाजूला तिरळा आहे. दोन्ही डोळे मिळून खोलीचा अंदाज घेणं तिला जमत नाही आणि जमेल असं वाटत नाही. तिरळेपणाची शस्त्रक्रिया शाळेत जाण्याआधी करू शकतो, पण ती दिसण्यासाठी असेल, नजरेसाठी नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे. चांगल्या डोळ्याला इजा होऊ नये म्हणून ती न फुटणाऱ्या काचांचा चष्मा कायम घालते. कृत्रिम भिंग बसवण्याचा विचार दाब आणखी काही काळ स्थिर राहिला तरच.

वेगळं काय करता आलं असतं

जन्मानंतर पहिल्याच दिवसांत दोन्ही बाहुल्यांतली लाल चमक पाहिली गेली असती, तर त्या चार दिवसांऐवजी पूर्ण दोन आठवडे हातात असते. या तपासणीला मिनिट लागतं. ती झाली की नाही हे लिहिण्यासाठी कागदावर वेगळी जागा असावी, कारण ‘बाळ व्यवस्थित’ या शब्दांत डोळे धरले होते की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

अकराव्या महिन्यात भूल देऊन तपासणी करायला हवी होती. सात डायॉप्टरची घट, बरोबरीला आलेलं बुबुळ, २४ आणि १५. यातली एकेक गोष्ट सोडून देण्यासारखी होती, तिन्ही एका पानावर असताना नाही. सुटलं याचं एक कारण असं, की लेन्सचा नंबर ऑप्टोमेट्रिस्टच्या, म्हणजे नंबर तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, वहीत होता, दाब माझ्या कागदावर आणि बुबुळाची मापं शस्त्रक्रियेच्या फायलीत. तिन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नाही.

आता भिंग काढलेल्या प्रत्येक मुलाचा एकच तक्ता असतो. त्यात लेन्सचा नंबर, बुबुळाची रुंदी, डोळ्याची लांबी आणि दाब, दोन्ही डोळ्यांचे आकडे समोरासमोर. रडत असताना घेतलेला दाब दोन्ही डोळ्यांचा लिहायचा, नाहीतर लिहायचाच नाही. दोन भेटींत नंबर अपेक्षेपेक्षा बराच खाली आला, तर कारण सापडेपर्यंत ते मूल घरी जात नाही.

आणि पहिली लेन्स देताना पालकांना सांगतो, की या डोळ्याचा नंबर हळूहळू उतरणारच आहे, पण एकदम उतरला तर आनंद करू नका, आम्हाला विचारा. हे वाक्य या मुलीच्या आईने सुचवलं. आम्ही ‘दाब वाढल्याची लक्षणं’ अशी यादी छापणार होतो. ती म्हणाली, “यादी कोण वाचतं? नंबर मात्र प्रत्येक आई लक्षात ठेवते.”